नदीकाठच्या प्लॉटची जाहिरात

ताईला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं, नाहीतर पहिलं बाळंतपण म्हणून तीच महाडला आमच्याकडे आली असती. ती येऊ शकत नव्हती, म्हणून मी नवीन पनवेलला गेले. नुकतीच बी.कॉम. झाले होते, घरी रिकामीच होते. एस.टी.त बसवून देताना आई म्हणाली, “बाळाला सव्वा महिना झाला की ये.” मी चार ड्रेस आणि एक स्वेटर घेऊन निघाले होते. पुढची सहा वर्षं मी पनवेललाच राहिले.

ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, यांचा जुन्या पनवेलात बाजारामागे फोटो स्टुडिओ होता. पुढे पासपोर्ट फोटोचं स्टूल आणि निळा पडदा, मागे एक छोटी खोली. लग्नाची व्हिडिओ शूटिंग हे त्यांचं मुख्य काम. पण तेव्हा घरोघर केबल आली होती आणि केबलवर गावातल्याच दुकानांच्या जाहिराती लागायला लागल्या होत्या. साडीवाले, फर्निचरवाले, क्लासवाले, सगळ्यांना आपली जाहिरात हवी असे. तळोज्याच्या एकदोन कारखान्यांनी स्वतःची फिल्म करून घेतली होती. भाऊजी म्हणायचे, “लग्नं किती दिवस करत बसणार? पुढचं सगळं काम धंदेवाल्यांचं आहे.” आणि नेमका तेव्हाच त्यांचा एडिटिंग करणारा माणूस दुबईला निघून गेला.

बाळाचं बारसं झालं आणि भाऊजींनी मला विचारलं, “दुपारची जरा बसतेस का दुकानात? घरात तरी काय करणार?” मी बसले. आधी नुसते फोटो देणं-घेणं, फोन. मग एक दिवस त्यांनी मागच्या खोलीत नेऊन मशीनसमोर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली.

त्यांनी चांगलं शिकवलं, आणि मला ते काम आवडलंही. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी, दोन टीव्ही आणि मध्ये बटणांची एक पेटी. एका मशीनमध्ये मूळ कॅसेट चालायची आणि तिच्यातला हवा तेवढा तुकडा दुसऱ्या मशीनमधल्या कॅसेटवर उतरवायचा. त्यामागे दुसरा तुकडा, त्यामागे तिसरा, अशी सगळी फिल्म जोडत न्यायची. मधलाच एखादा तुकडा नको झाला तर तो काढून टाकता येत नसे, कारण मग तिथे भोक पडलं असतं. एक तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा जोडायचं, नाहीतर बरोबर तेवढ्याच लांबीचं दुसरं चित्र त्याच्यावर बसवायचं. याला इन्सर्ट म्हणत. इन्सर्टमध्ये खालचा आवाज तसाच राहायचा, फक्त चित्र बदलायचं. माझा हात पटकन बसला. भाऊजी ताईला म्हणाले, “तुझ्या बहिणीला डोळा आहे.” मला त्याचं किती बरं वाटलं होतं!

सव्वा महिना झाला, मग चार महिने झाले. आईला ताईनेच कळवलं की ही इथे रुळली आहे, काम शिकते आहे, राहू दे. मी घरचीच, त्यामुळे पगाराचा विषय कोणी काढला नाही, आणि मला तो काढता आला नाही. सकाळी भाऊजींच्या स्कूटरवर मागे बसून स्टुडिओत जायचं, संध्याकाळी त्यांच्याच स्कूटरवर सेक्टरमधल्या फ्लॅटवर परत यायचं. घरी आल्यावर बाळाला घ्यायचं, पोळ्या लाटायच्या. माझी एकटीची अशी एक फेरीसुद्धा त्या गावात नव्हती.

मागच्या खोलीला एक खिडकी होती, पण धूळ येते आणि उजेडाने टीव्हीवरचं चित्र नीट दिसत नाही म्हणून तिला प्लायवूड ठोकलेलं होतं. जाहिरातीसाठी आवाज तिथेच भरायचा, म्हणून भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. दार ओढून घेतलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळत नसे. आणि भाऊजी शूटिंगला बाहेर गेले की पुढच्या जाळीच्या गेटला बाहेरून कुलूप लावून जात. पहिल्यांदा त्यांनी तसं केलं तेव्हा मी हसले, मला वाटलं चुकून झालं. तर ते म्हणाले, “आत एवढी मशीनं आहेत, आणि तू एकटी मुलगी. कोणी घुसलं म्हणजे?” त्यांच्या आवाजात काळजीच होती. काळजीने लावलेल्या कुलपाला काय म्हणायचं, ते मला सुचलं नाही. पुढे त्याची सवय झाली. डबा असायचा, पाण्याचा माठ होता, मागे मोरी होती. ते येईपर्यंत मी काम करत राहायची.

नदीकाठच्या प्लॉटची जाहिरात आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आपट्याच्या बाजूला पाताळगंगेच्या काठी एका शेठने जमीन घेतली होती आणि तिचे बंगल्यांसाठी प्लॉट पाडले होते. मुंबईहून नवीन पनवेलात राहायला आलेल्या नोकरदार लोकांना ते विकायचे होते. भाऊजी दोन दिवस तिथे शूटिंग करून आले. शेठ स्वतः स्टुडिओत येऊन बघायला बसले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. नदीला पाणी होतं, पण काठचं गवत करपून गेलं होतं, मागचे डोंगर बोडके दिसत होते, आणि प्लॉटवर चुन्याच्या रेघांशिवाय काही नव्हतं.

“हे बघून कोण येईल?” शेठ म्हणाले. “मला हिरवळ पाहिजे. आणि माणसं कुठेत? फॅमिली दाखवा ना, हसतीखेळती.”

“दाखवतो की,” भाऊजी म्हणाले.

शेठ गेल्यावर त्यांनी कपाटातून एक जुनी कॅसेट काढली. आदल्या मार्गशीर्षातल्या एका लग्नाची ती होती. लग्नानंतर नवरा-नवरीला बाहेर नेऊन थोडं शूटिंग करायचं, नदीवर किंवा बागेत, अशी तेव्हा नवीच पद्धत निघाली होती. या जोडप्याला भाऊजींनी आपट्याच्या नदीवरच नेलं होतं. काठ अजून हिरवागार, ऊन कोवळं. अबोली रंगाची साडी नेसलेली नवरी नवऱ्याचा हात धरून पाण्याच्या कडेने चालते, वळून मागे बघते आणि खळखळून हसते.

“हेच पाहिजे शेठला,” भाऊजी म्हणाले. “हा तुकडा घे.”

“त्यांना विचारायला नको?”

“कॅसेट आपली आहे. आणि उलट खूश होतील गं, रोज टीव्हीवर दिसतील.”

मी तो तुकडा घेतला. त्या लग्नाचं एडिटिंगही मीच केलं होतं, त्यामुळे त्या तुकड्याच्या आधी आणि नंतर काय आहे हे मला पाठ होतं. आधी ती खाली मान घालून उभी आहे. नवरा तिच्या मनगटाला धरून, कॅमेऱ्याकडे बघून हसत हसतच बोलतोय. वाऱ्याच्या आवाजातून त्याचं बोलणं पुसट ऐकू येतं, “तोंड वर कर. दात दाखवून हस, सांगितलं ना? की इथेच दोन लावू?” मग ती चालायला लागते, वळते, हसते. भाऊजींचा आवाज येतो, “झालं, मस्त!” आणि त्या क्षणी तिचं हसणं जातं. नवरा मनगट सोडतो आणि ती ते दुसऱ्या हाताने चोळत राहते. लग्नाच्या फिल्ममध्ये मी हसण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं तेवढं घेतलं होतं, जाहिरातीतही तेवढंच घेतलं. एडिटिंग म्हणजे तेच होतं. त्यावर आवाज माझा भरला होता. गोधड्यांमध्ये उभी राहून मी म्हटलं होतं, “नदीच्या कुशीत, तुमचं स्वतःचं घर.”

जाहिरात फार चालली. दुपारच्या सिनेमाआधी, संध्याकाळच्या बातम्यांनंतर, रविवारी तर दिवसभर. शेठच्या ऑफिसात लोक येऊन विचारत, ती हसणारी बाई आहे तो प्लॉट कुठला? भाजीवालीसुद्धा माझा आवाज ओळखायला लागली होती.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी मी आत काम करत असताना पुढच्या जाळीवर कोणीतरी चावीने की बांगडीने टकटक करत राहिलं. मी बाहेर आले. जाळीपलीकडे एक बाई उभी होती. कॉटनची साडी, हातात कापडी पिशवी. ती मान कलती करून आत बघत होती आणि त्या मानेवरूनच मी तिला ओळखलं. हा चेहरा मी पुढे-मागे करत, थांबवून थांबवून इतक्या वेळा पाहिला होता की ताईचाही तितका पाहिला नसेल. पण ती खूप वाळली होती.

“स्टुडिओवाले आहेत का?”

“शूटिंगला गेलेत. चारपर्यंत येतील.”

“तुम्ही कोण?”

“त्यांची मेव्हणी. मी एडिटिंग करते.”

“मग तुमच्याशीच काम आहे. दार उघडता?”

“बाहेरून कुलूप आहे,” मी म्हटलं.

तिने खाली कुलपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “तुम्हाला आत ठेवून गेलेत?”

“आत मशीनं आहेत ना.”

तिने पिशवी पायाशी ठेवली आणि दोन्ही हातांनी जाळी धरली. “त्या नदीच्या जाहिरातीत मी आहे,” ती म्हणाली. “मला तिथून काढा.”

मग जाळीच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहून आम्ही बोललो. मी आतून स्टूल आणलं होतं, पण ती उभी आणि मी कशी बसणार, म्हणून ते तसंच राहिलं. ती चैत्रात माहेरी आली होती, परत गेली नव्हती. माहेर याच गावात, दोन गल्ल्या सोडून. वडील, आई, भाऊ. बाहेरच्या खोलीत टीव्ही.

“मी घरच्यांना सांगते, पहिल्या दिवसापासून त्रास होता,” ती म्हणाली. “लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. आणि तेवढ्यात ही जाहिरात लागते. आई म्हणते, बघ, किती आनंदात होतीस. खोटं कशाला बोलतेस? शेजारच्या बायका येतात, त्यासुद्धा टीव्हीकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी तोंड उघडलं की मी तिथे हसायला लागते.”

मी स्टूल पायाने बाजूला सरकवलं. तिने विचारलं,

“तुम्ही ती कॅसेट बघितली आहे ना? सगळी?”

“हो.”

“आवाजासकट?”

“हो.”

“मग तुम्हाला माहिती आहे,” ती म्हणाली. “घरच्यांनाही नाही, तुम्हालाच तेवढं माहिती आहे.”

संध्याकाळी जेवताना मी हे भाऊजींना सांगितलं. ते घास हातात धरून ऐकत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं. “अरेरे,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण शेठने पुढच्या फिल्मचं कामसुद्धा आपल्यालाच दिलंय. आता त्यांना काय सांगू? आणि नवरा-बायकोच्या भांडणात आपण कुठे शिरायचं?”

ताई बाळाला वरण-भात भरवत होती. नंतर ओट्याशी भांडी घासताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू यात पडू नकोस. तू उद्या जाशील. मला इथेच राहायचंय.”

मी उद्या जाणार आहे असं तिला वाटत होतं, याचंच मला नवल वाटलं. मला स्वतःला तसं वाटणं कधीच बंद झालं होतं.

चार-सहा दिवसांनी त्या बाईचा नवरा आला. भाऊजी दुकानातच होते. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग, हातात पेढ्यांचा पुडा. अगदी सौम्य बोलणं. जाहिरात फार छान झाली आहे, म्हणाला, ऑफिसातले लोकही कौतुक करतात.

“बंद मात्र करू नका,” तो म्हणाला. “ती सध्या माहेरी आहे. रोज बघत असेल. आठवण राहिलेली बरी.”

भाऊजी नुसते “हो, हो” करत राहिले. पुडा त्यांनी घेतला. मी पडद्याजवळ उभी होते. जाता जाता तो माझ्याकडे वळला. “एडिटिंग तुम्ही करता ना? त्या दिवशी ती हसायलाच तयार नव्हती. तुम्ही बरोबर तेवढंच ठेवलंत.”

तो गेल्यावर भाऊजींनी पुडा उघडून माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. त्यांनीही खाल्ला नाही, पण पुडा घरी नेला.

पुढच्या वेळी भाऊजी कुलूप लावून गेले तेव्हा मी ती लग्नाची कॅसेट काढली. नदीवरचा तो भाग, हसण्याच्या आधीचा आणि नंतरचा, सगळाच्या सगळा, आवाज जमेल तितका वर करून, एका कोऱ्या कॅसेटवर उतरवला. ती बाई दुपारी आली तेव्हा जाळीच्या फटीतून कॅसेट तिला दिली. शेजारणीकडे व्हीसीआर होता, तिथे आईला दाखवते म्हणाली. कॅसेट पिशवीत घालताना तिचे हात घाईत होते. मला वाटलं, झालं, आता हिची सुटका होईल. मी दोन दिवस त्या आनंदात होते.

ती परत आली तेव्हा कॅसेट तिच्या हातातच होती.

“दाखवली?”

“दाखवली. आईने पूर्ण बघितली.” ती थांबली. “म्हणाली, एवढंच? तुझे वडील तर याहून काय काय बोलायचे. मी आले का कधी माहेरी?”

गल्लीतून एक हातगाडी गेली, तिला वाट द्यायला ती जाळीला चिकटली. तिची साडी आत आली आणि गाडी पुढे गेल्यावर तिने ती परत ओढून घेतली.

“ही ठेवा तुमच्याकडे,” ती कॅसेट आत सरकवत म्हणाली. “मला काही सिद्ध करायचं नाही आता कोणाला. फक्त ते हसणं बंद करा.”

त्या रविवारी ताईबरोबर मी भाजी आणायला गावात आले. ताई मासळीच्या रांगेत असताना मी केबलवाल्याकडे गेले. तांदळाच्या दुकानावरच्या माडीवर त्याची खोली होती, वायरींचे भेंडोळे आणि एकावर एक ठेवलेले व्हीसीआर. तो जवळच्याच गावातला आगरी माणूस. मी विचारलं, ती नदीची जाहिरात बंद करता येईल का?

“आमी कशी बंद करनार?” तो म्हणाला. “तुमच्याच भाऊजींनी कॅसेट आनून दिली ना? तुमी दुसरी आना, आमी ती लावतो. आमाला काय, कंची बी चालते. पन मोकळी जागा ठेवता येत नाय, शेठ वरडंल.”

म्हणजे जाहिरात राहायला हवी होती, ती बाई तेवढी त्यात नको होती. ते मला करता येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते केलं. भाऊजींच्या उन्हाळ्यातल्या शूटिंगमधून नदीचा एक शॉट शोधला, नुसतं वाहतं पाणी, काठ जवळजवळ दिसतच नव्हता. ती दिसायला लागते तिथपासून तिचं हसणं संपतं तिथपर्यंत तो तिच्यावर बसवला. पहिल्या वेळी शेवटी तिच्या पदराचा एक कोपरा उरला, नंतर तोही गेला. खाली माझा आवाज तसाच होता. मशीन थांबवून मी ते परत एकदा पाहिलं. मग केबलसाठी कॉपी काढली. दुपार सरता सरता ती बाई जाळीशी डोकावली, कॅसेट घेऊन गेली, आणि स्टुडिओतून पाठवली आहे असं सांगून केबलवाल्याला देऊन आली.

त्याच संध्याकाळी घरी टीव्ही चालू होता. बातम्या संपल्या आणि जाहिरात लागली. पाणी वाहत राहिलं, मी म्हटलं “तुमचं स्वतःचं घर,” आणि पुढची साबणाची जाहिरात सुरू झाली. भाऊजी पेपर वाचत होते. ताईने मात्र टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाळाला उचलून आत गेली.

हे टिकणार नाही हे मला माहीत होतं. चार-पाच दिवसांतच शेठचा फोन आला, आणि मी शेजारी उभी असल्यामुळे त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. “अहो, ती बाई कुठे गेली?”

भाऊजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मागच्या खोलीत गेले, कपाटातून लग्नाची कॅसेट काढली, मशीनमध्ये घातली आणि स्वतः खुर्चीवर बसले. तो तुकडा पुन्हा टाकायला त्यांना दहा मिनिटं पुरली असती. मी दारात उभी राहिले. कॅसेट नदीवर आली. शूटिंग करताना ते कॅमेऱ्यामागे लांब उभे होते आणि एडिटिंग मी करत असे, त्यामुळे तो आवाज त्यांनी बहुतेक कधी ऐकलाच नव्हता. आता गोधड्यांच्या त्या खोलीत सगळं स्पष्ट ऐकू आलं. मग त्यांचाच आवाज आला, “झालं, मस्त!” आणि तिचं मनगट चोळणं.

ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. कॅसेट पुढे सरकून त्यात नुसते करडे ठिपके नाचायला लागले, तरी बघत राहिले. मग ती बाहेर काढून टेबलावर ठेवली.

“शेठला सांगतो, मूळ कॅसेटला बुरशी लागली,” ते म्हणाले. “नवीन जोडपं बघू कोणीतरी.”

मी म्हटलं, “भाऊजी...”

“पण तू मला न विचारता केलंस,” ते म्हणाले. “माझ्या घरात राहून. माझं नाव आहे या गावात. केबलवाल्याकडे परस्पर कॅसेट गेली, उद्या कोणी काय म्हणेल?”

आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. मागच्या खोलीची किल्ली जी माझ्याकडे असायची ती त्यांनी मागितली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी ताईबरोबर घरी राहायला लागले. दुपारी बाळ झोपलं की दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी न बोलता तांदूळ निवडत बसायचो. ताई माझ्यावर चिडली होती आणि घाबरलीही होती. एकदा ती म्हणाली, “तुला महाडला पाठवा असं मी त्यांना सांगितलं. तर म्हणाले, आता सीझन तोंडावर आलाय.”

आणि तसंच झालं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, कॅसेटींचा ढीग लागला, आणि एका सकाळी भाऊजी स्कूटर काढताना म्हणाले, “चल.” झालेल्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही. मी मागे बसले. मशीनसमोर गेल्यावर बोटांना आपोआप सगळं आठवलं, आणि मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा संतापही आला. दुपारी ते शूटिंगला निघाले तेव्हा जाळीचं कुलूप नेहमीसारखं लागल्याचा आवाज आला.

ती नदीवरची बाई थंडीत शेवटची आली. नाशिकला तिची मावशी होती, एका बालवाडीत शिकवायची. तिने हिला बोलावून घेतलं होतं. वडील एस.टी.पर्यंत पोहोचवायला तयार नव्हते, पण अडवलंही नव्हतं, म्हणाली. जाहिरात बंद झाल्यावर घरचे बदलले असं काही नव्हतं, फक्त संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत बसून बोलू शकायची, आणि बोलून बोलून त्यांना तिचा कंटाळा आला होता.

“तुम्ही कधी?” तिने विचारलं.

“मी काय?”

“इथून.”

“बाळ शाळेत जायला लागलं की,” मी म्हटलं. तेव्हा सुचलं ते बोलले.

तिने जाळीतून बोटं आत घातली. मी ती धरली. तिच्या पिशवीत एक स्टीलचा डबा होता, जाताना तो कशावर तरी आपटत खणखणत गेला. नाशिकहून तिचं पुढे काही कळलं नाही.

बाळ शाळेत जायला लागलं, आणि ताईला दुसरं झालं. महाडहून आई दोनदा येऊन गेली. माझ्यासाठी आलेली स्थळं भाऊजींनी स्वतः बघितली, नाकारताना कारणंही चांगली द्यायचे. मी कारखान्यांच्या फिल्म केल्या, पाण्याच्या पंपांच्या केल्या, दातांच्या पावडरची केली. त्यातल्या हसऱ्या चेहऱ्यांच्या आधीची आणि नंतरची कॅसेट मी नेहमी पूर्ण ऐकायची. कोणाचं काही निघालं नाही.

मला तिथून कोणी सोडवलं नाही. कॉम्प्युटरवर एडिटिंग सुरू झालं, मोठ्या गावांतले लोक स्वस्तात आणि झटपट काम करायला लागले, आणि आमचं काम आटत गेलं. भाऊजींनी शेवटी दोन्ही मशीनं, पेटी, टीव्ही, सगळं खोपोलीच्या एका लग्नवाल्याला देऊन टाकलं आणि मागची खोली झेरॉक्सवाल्याला द्यायचं ठरवलं. टेम्पो आला तेव्हा वरून त्यांनी धरलं आणि खालून मी. गोधड्या काढल्यावर भिंती मूळच्या हिरव्या रंगाच्या निघाल्या.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आम्ही बघत होतो. भाऊजींनी हात झटकले. “चल, चहा घेऊ,” म्हणाले, आणि समोरच्या हॉटेलात गेले. इतक्या वर्षांत त्या हॉटेलात मी कधी पाय ठेवला नव्हता. आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी माझ्यासाठी भजी मागवली. कपाळावर मशीनची धूळ होती, ती त्यांना दिसत नव्हती.

“आता काय करशील?” त्यांनी विचारलं.

असं त्यांनी मला आधी कधी विचारलं नव्हतं, आणि माझ्याजवळ काही तयार नव्हतं. बेलापूरला एका ऑफिसात जागा आहे असं शेजारची एक मुलगी म्हणाली होती, तिथे चौकशी करायला कसं जायचं, कुठून बस मिळते, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

“बघते,” मी म्हटलं, आणि वेटरला विचारलं, बेलापूरची बस कुठे थांबते?